हिब्रू, अबखाझ आणि आमगावची शेळी

हिब्रू बोलणारा माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही लांबून. अबखाझ बोलणारा कधीच पाहिला नाही. एवढ्या भांडवलावर या दोन भाषांची तुलना करायला मी साताऱ्याहून आमगावला गेलो. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. बहुतेक व्याख्यानं याहून कमी भांडवलावर होतात.

निवृत्त होईपर्यंत मी एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता भाषांचा नाद लागला, आणि त्या नादात एका दिवाळी अंकात ‘हिब्रू आणि अबखाझ’ असा लेख लिहून बसलो. तो वाचलेला एकच माणूस मला भेटला: आमगावचे प्राध्यापक सुधाकर मेश्राम. २००९ सालच्या पौषात त्यांचा फोन आला. “सर, आमच्या भाषा-सप्ताहात तुम्ही बोलावं.”

“आमगावात हिब्रू ऐकायला कोण येणार?”

“कोणीच नाही सर. म्हणून तर सक्तीची हजेरी ठेवली आहे.”

माणूस प्रामाणिक वाटला. मी हो म्हणालो.

माघ शुद्ध त्रयोदशी, आमगाव

नागपूर सुटलं की आपली मराठी डब्यातून हळूहळू उतरत जाते. भंडाऱ्यापर्यंत शेजारी ‘काऊन’ आणि ‘कायले’ चाललं होतं. तुमसर गेल्यावर ‘क्यों’ सुरू झालं. गोंदियाच्या फलाटावर मी चहावाल्याशी मराठीत बोललो, त्याने मला हिंदीत उत्तर दिलं आणि मागच्या हमालाला छत्तीसगढीत काहीतरी सांगितलं. ते दोघे हसले, म्हणून मीही हसलो.

तिथून पुढची पॅसेंजर धुक्यातून गेली. गेली असं म्हणायचं, खरं तर ती उभीच होती आणि प्रदेश सावकाश मागे सरकत होता असं वाटत राहिलं. धान कापून झालेल्या बांध्या, त्यांच्या ओलीत उगवलेली लाखोरी, तिची बारीक निळी फुलं. मधूनच एखादं तळं यायचं. त्यात पाणी आहे की नुसतं धुकं, हे बगळा उडाल्याशिवाय कळत नव्हतं. आमच्याकडे सकाळ झाली की डोंगर दिसतो आणि माणूस कामाला लागतो. इथे सकाळ व्हायची की नाही, याचाच विचार चाललेला दिसला.

मेश्राम फलाटावर उभे होते. पस्तिशीचा तरतरीत माणूस, इस्त्रीचा सदरा. “जय भीम सर,” म्हणाले आणि माझी पिशवी काढून घेतली. मोटारसायकलवर मागे बसवून थेट सभागृहात नेलं.

पुढचा तासभर सत्कार झाले. आधी पाहुण्यांचा, मग अध्यक्षांचा, मग सत्कार करणाऱ्यांचा. माझ्या अंगावर शाल, मांडीवर नारळ आणि डोळ्यांवर झोप. अध्यक्ष तालुक्यातले एक पुढारी होते. त्यांनी पाठीमागच्या फलकाकडे एकदा वळून पाहिलं आणि म्हणाले, “हिब्रू आणि अबखाझ या दोन्ही थोर महात्म्यांच्या विचारांची आज समाजाला नितांत गरज आहे.” टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या. विधानात चूक असली तरी भावना योग्य होती.

मग मी बोललो. ढोबळपणे असं: या दोन भाषांत वरवरचं साम्य एवढंच, की दोन्ही व्यंजनांच्या जिवावर जगतात. हिब्रूत तीन व्यंजनांच्या सांगाड्यात अर्थ असतो. स्वर त्यातून वाऱ्यासारखे ये-जा करतात आणि लिहिताना बहुधा लिहीतही नाहीत, ज्याने त्याने मनाने भरायचे. अबखाझमध्ये साठाच्या आसपास व्यंजनं आणि खरे स्वर म्हणाल तर दोनच. ऐकणाऱ्याला वाटतं, कोणी दाट रानातून फांद्या मोडत चाललं आहे आणि मध्ये दोनच जागी ऊन पडलं आहे. पण खरा फरक वेगळा. हिब्रूजवळ दोन हजार वर्षं ग्रंथ होता, चूल नव्हती. लोक तिच्यात प्रार्थना करत, भांडायला दुसरी भाषा वापरत. अबखाझजवळ हजारो वर्षं चूल होती, ग्रंथ नव्हता. लिपी मिळाली ती अलीकडे.

शेवटी मी नेहमीची खात्रीची गोष्ट सांगितली. हिब्रू पुन्हा चुलीपाशी आणायची म्हणून एका माणसाने घरात दुसऱ्या भाषेला बंदी केली. मूल झालं, त्याच्या कानावर दुसरा शब्द पडू दिला नाही. पाहुणे आले की मुलाला आत पाठवत. आणि मूल हिब्रू बोललं! शतकानुशतकं कुणाची मातृभाषा नसलेली भाषा त्या घरात मातृभाषा झाली. सक्तीची हजेरी असलेल्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मेश्रामांनी आभार मानताना आवाज चढवला. “आपली झाडीबोली, आपली पोवारी, आपली गोंडी! बोली मरते तेव्हा एक जग मरतं!” छान बोलले. इस्त्रीच्या सदऱ्याखाली काहीतरी धडधडत होतं, हे मागच्या रांगेलाही दिसलं असावं.

मुक्काम त्यांच्याच घरी होता. गावाबाहेर दोन खोल्या, पुढे अंगण, मागे वाडी. पत्नी शेवंताबाई, दवाखान्यात परिचारिका. त्या माहेरच्या गोंड, सालेकसाकडच्या. तीन वर्षांची मुलगी यशोधरा, म्हणजे यशू. आणि शेवंताबाईंच्या आई फुलाबाई, दाराआड उभ्या.

जेवायला तांदळाची भाकर, लाखोरीची डाळ आणि तळ्यातले झिंगे घातलेली वांगी. आमच्याकडे भाकर म्हणजे ज्वारीची, हाताने मोडायची. ही इतकी मऊ की मोडायच्या आधीच हार मानत होती. मी तीन खाल्ल्या. मेश्रामांचं ताट रिकामं झालं तेव्हा दाराआडून एक हात आला आणि भाताची परात न बोलता पुढे सरकली.

“आई यांच्यासंग बोलत नाही,” शेवंताबाई मला म्हणाल्या. “आमच्याकडे सासू जावयासंग तोंडातोंडी बोलत नसते. मधात कोणी तरी लागते. आधी यशूले सांगे, जाय, बाबाले इचार भात वाढू का. आता...” त्या थांबल्या.

“आता काय?”

उत्तर मेश्रामांनी दिलं. यशू दीड वर्षांची असताना चार-सहा शब्द बोलायची. एक गोंडी, एक मराठी, एक हिंदी, अशी खिचडी. दोन वर्षांची झाली तरी वाक्य येईना. नागपूरला कुणा जाणकाराला दाखवलं. तो म्हणाला, घरात भाषांची गर्दी फार आहे, एकच ठेवा. मेश्रामांनी एकच ठेवली: प्रमाण मराठी. शेवंताबाई गोंडी बोलायच्या थांबल्या. फुलाबाईंना गोंडी सोडून थोडी झाडीबोली तेवढी येई, तीही प्रमाण नव्हे. त्या नातीशी बोलायच्याच थांबल्या.

“आणि यशू?”

“तेव्हापासून एक शब्द नाही,” मेश्राम म्हणाले. यशू कोपऱ्यात बसून चमच्याने जमीन उकरत होती. डोळे मोठे आणि कान त्याहून मोठे.

मी त्यांना म्हणालो, दुपारी तर तुम्ही बोलीसाठी छाती पिटत होता.

ते चिडले नाहीत. “सर, मी नागपूरला शिकायला गेलो तेव्हा वर्गात पहिल्या दिवशी ‘काऊन’ म्हणालो. वर्षभर मला काऊन म्हणूनच हाक मारत होते. पोरगी बोलली पाहिजे, आणि बोलली की कोणी हसलं नाही पाहिजे. बाकी मग वाचवू भाषा.” मग थोडे पुढे झुकले. “खरं सांगू? माझाच धीर सुटत चालला होता. आज तुमच्या त्या हिब्रूवाल्या माणसाचं ऐकलं आणि वाटलं, मी बरोबर आहे. मधूनच ढिलाई होते म्हणून जमत नाही. पौर्णिमेला कचारगडला गोंडांच्या यात्रेला जाऊ, तुम्हालाही दाखवू. दुसऱ्या दिवशी यांचा भाऊ येईल आणि आईंना त्याच्या गावी घेऊन जाईल. घर एका भाषेचं झालं पाहिजे.”

शेवंताबाईंनी ताटं उचलली. मला तिसरी भाकर जड जाऊ लागली. त्या हिब्रूवाल्या माणसाची गोष्ट मी वेळ संपला म्हणून अर्धीच सांगितली होती.

चतुर्दशी, मेश्रामांची वाडी

सकाळी मेश्राम कॉलेजला गेले, शेवंताबाई दवाखान्यात. मला विश्रांती सांगितली होती. मी अंगणातल्या बाजेवर पडून राहिलो. धुकं उशिरा उठलं. शेवग्याच्या पानांतून ऊन गळत होतं, कुठेतरी कांडप चाललं होतं, त्याचा ठेका झोपेत शिरत होता. आपण नक्की कुठल्या गावी आहोत हे विसरायला ही जागा उत्तम. मला क्षणभर वाटलं, हे आमगाव नाही, काळ्या समुद्राकाठचं एखादं अबखाझ खेडं आहे. तिथेही असंच हिरवं, ओलं, आळसावलेलं असतं म्हणतात.

आणि मग मला एक आवाज ऐकू आला. बारीक, सलग, न अडखळणारा. मागच्या वाडीतून.

मी कुडाच्या फटीतून पाहिलं. जमिनीवर फुलाबाई बसल्या होत्या, शेंगा सोलत. समोर एक काळी शेळी बांधलेली. शेळीच्या गळ्यात हात टाकून यशू उभी होती आणि बोलत होती. शब्द नव्हे, वाक्यं. वाक्यंही नव्हेत, कहाणी. शेळी चघळत होती, यशू तिचा कान वर करून कानात काही सांगत होती, मग स्वतःच हसत होती. मला एक अक्षर कळलं नाही. ‘एटी, एटी’ एवढंच पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. एटी म्हणजे शेळी, हे मागाहून कळलं.

मी खाकरलो. यशूचं तोंड मिटलं ते असं, जणू कधी उघडलंच नव्हतं.

फुलाबाईंनी पदर ओढला. जावयाशी न बोलणारी बाई परक्या म्हाताऱ्याशी मात्र मोकळी होती. “काऊन गा भाऊ, झोप नाई आली?”

“पोरगी बोलते, फुलाबाई!”

“हाव.”

“तुम्ही तिच्याशी बोलता?”

“नाई बाप्पा!” त्यांनी कानाला हात लावला. “जावायाचा शबद हाये, पोरीसंग गोंडीत बोलाचं नाई. मी नाई बोलत. मी शेरीसंग बोलतो. शेरीले त कोणी मना नाई केलं.”

“आणि पोरगी?”

“ते बी शेरीसंगच बोलून राहिली.”

कायद्याचा इतका काटेकोर अर्थ मी वकिलांतही पाहिलेला नाही. मी कुडाला टेकून बसलो आणि काही सुचेना म्हणून त्यांना अबखाझ लोकांची एक गोष्ट सांगितली. तिकडचे शिकारी रानात गेले की घरची भाषा बोलत नसत. रानात बोलायची एक वेगळीच बोली ठेवली होती, जनावरांना आपला बेत कळू नये म्हणून.

फुलाबाईंनी विचार केला. “येडे हायेत. जनावराले समजते.”

शेळीने मान हलवली, माशीमुळे असेल.

मी म्हणालो, हे मेश्रामांना सांगितलंच पाहिजे. फुलाबाईंचे हात थांबले. “नोको सांगू भाऊ. सांगसान त शेरी बी जाईल.”

“पण उद्या-परवा तुम्हीच जाल!”

“मी गेली तरी शेरी राहील ना,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. त्यांनी सगळं ठरवलं होतं. आपल्या मागे घरात गोंडी सांभाळायला शेळी ठेवून जायचं ठरवलं होतं.

पौर्णिमा, कचारगड

सालेकसाच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो. आम्ही एका भाड्याच्या जीपमध्ये होतो. यशू आईच्या मांडीवर, फुलाबाई आपलं बोचकं घेऊन मागे. बोचकं कशाला, असं मी विचारलं. मुलगा यात्रेतच भेटेल, जड सामान आजच त्याच्याकडे देऊन टाकू, उद्या येताना त्याची गाडी मोकळी, असं ठरलं होतं.

पळसाला अजून पुरतं फूल नव्हतं, पण झाडाखाली एखादा ठिपका पडलेला. आणि मग एकाएकी माणसं. मध्य प्रदेशातली, छत्तीसगडची, आंध्रातली. पिवळे फेटे, पिवळे झेंडे, ढोल, आणि ‘जय सेवा’चा गजर. मला गर्दीचं आणि जयघोषांचं वावडं आहे. इथे ते पाळायचं राहून गेलं. व्यासपीठ नव्हतं असं नाही, पुढारीही आले होते, त्यांच्या हारांची वेगळी टोपली होती. पण लोक त्यांच्याकडे पाठ करून डोंगर चढत होते.

आमच्याकडे यात्रा म्हणजे दर्शनाची रांग आणि पुढच्याच्या पाठीचा घाम. इथे लोक चढता चढता सारखे थांबत होते. कुणी कुठल्या गावचा, कुणाचं कूळ कोणतं, नातं लागतं का, हे विचारल्याशिवाय पायरी पुढे सरकत नव्हती.

फुलाबाईंना मी ओळखलंच नाही. दाराआडची ती बाई कुठे आणि ही कुठे! पदर डोक्यावरून घसरलेला, आवाज उंच, हात उडतायत. बस्तरकडच्या दोन म्हाताऱ्यांना त्यांनी धरलं आणि काय सांगितलं कोण जाणे, त्या तिघी माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की एकीला बसावं लागलं.

“काय म्हणाल्या?” मी शेवंताबाईंना विचारलं.

“म्हणते, हा भाऊ दूर देशाच्या दोन भाषा शिकून आला आन् एकही बोलता येत नाही.”

संशोधनाची इतकी नेमकी समीक्षा कुठल्या नियतकालिकात यायची नाही.

गुहा प्रचंड. आत गार अंधार आणि छताला वर एक भोक, त्यातून उजेडाचा खांब सरळ खाली उतरलेला. त्यात धूळ तरंगत होती, इतकी सावकाश की मला तिथेच बसून राहावंसं वाटलं. फुलाबाई शेजारी येऊन टेकल्या. त्यांनी मला गुहेची कथा सांगितली: कधीकाळी इथे मुलं कोंडून ठेवली होती. तोंडाशी मोठा धोंडा. कोणाला तो हलेना. मग एकाने बाहेर बसून किंगरी वाजवली. ते ऐकून आतल्या पोरांच्या अंगात बळ आलं आणि त्यांनीच आतून धोंडा लोटला.

“वाजवणाऱ्याचं काय झालं?” मी विचारलं.

“धोंड्याखाली सापडला.” त्या सहज म्हणाल्या. “बाहेर बसणाऱ्याचं असंच होते.”

मेश्राम थोडे दूर उभे होते. चहूकडे गोंडी वाहत होती आणि ते, बोलींचे कैवारी, तिच्यात खांबासारखे कोरडे. यशू आईच्या खांद्यावरून एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. मेश्रामांना ते दिसत नव्हते, तिची पाठ त्यांच्याकडे होती.

उतरताना पत्रावळीवर भात आणि डाळ मिळाली. मी शेवंताबाईंना गाठलं. फुलाबाईंना मी शब्द दिला नव्हता, त्यांनी मागितला होता एवढंच. काल पाहिलेलं सगळं सांगून टाकलं.

“आई शेरीसंग बोलते, मले माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मी पण आंघोळ करताना एकटी बोलून घेतो. पण यशू?” हातातली पत्रावळ कलली, डाळ पायावर सांडली. “यशू बोलते?”

“न थांबता.”

“मंग मले काऊन नाही बोलत वं पोरगी,” त्या म्हणाल्या. हे मला विचारलेलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाल्या, “उद्या भाऊ यायच्या आधी. ह्यांना तुम्ही कुडापाशी उभं करा, सर. माझं नाही ऐकणार. तुम्ही तं पाहुणे आहा, शालवाले.”

तिकडे फुलाबाईंचा मुलगा, सोमाजी, भेटला होता. धिप्पाड, हसरा. त्याने बोचकं उचलून आपल्या गाडीला बांधलंही.

प्रतिपदा, पुन्हा वाडी

सकाळी मेश्राम कॉलेजला निघाले होते. मी म्हणालो, “जरा थांबा. त्या दिवशी भाषणात एक गोष्ट अर्धी सांगितली, ती पुरी करतो.”

आम्ही चपला काढून कुडापाशी उभे राहिलो. शेवंताबाई आमच्या मागे. मी हळू आवाजात सांगितलं: त्या हिब्रूवाल्या माणसाचा मुलगा फार उशिरा बोलला. घरात सगळे धास्तावले होते. आणि असं सांगतात, की एकदा आईला राहवलं नाही, ती आपल्या जुन्या भाषेत अंगाईगीत म्हणू लागली. बाप येऊन भडकला. घरात आकांत झाला, आणि त्या आकांतात मूल पहिल्यांदा बोललं.

“म्हणजे बंदीमुळे बोललं की अंगाईमुळे?”

“ते कोणालाच माहीत नाही. मी बंदीमुळे सांगतो, कारण त्यावर टाळ्या पडतात.”

“आणि तुमचे अबखाझ?”

“त्यांच्या नात्यातली एक भाषा होती. तिचे लोक देशोधडीला लागून तुर्कस्तानात गेले. तिथे ती अस्खलित बोलणारा शेवटचा एक म्हातारा उरला. विद्वान यायचे, त्याचं बोलणं टिपून न्यायचे, मोठी कीर्ती झाली. त्याच्या स्वतःच्या मुलांना ती येत नव्हती.”

मेश्राम काही बोलणार, तेवढ्यात वाडीतून आवाज आला. त्यांनी कुडाचा बांबू धरला. यशू शेळीपाशी बसली होती. आज ती परवासारखं भरभर बोलत नव्हती. तोंड शेळीच्या कानाला लावून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती आणि बोट ओठांवर ठेवत होती.

मेश्रामांचा चेहरा मी विसरणार नाही. आधी तो सगळा उजळला. मग त्यांनी ऐकायचा प्रयत्न केला, कान पुढे केला, आणि तो हळूहळू विझत गेला. आपली मुलगी बोलते आहे आणि आपल्याला कळत नाही. ते बायकोकडे वळले. “काय म्हणते? शेवंता, काय म्हणते ती?”

शेवंताबाईंनी पदर तोंडात धरला होता. “म्हणते,” त्या म्हणाल्या, “बोलू नको. गाडी अंगणात आहे. बाबा घरी आहेत.”

दूरवर कांडपाचा ठेका चालूच होता.

तेवढ्यात पुढच्या दारी मोटारसायकल फटफटली. सोमाजी आला होता. “चाल वं आई, ऊन होऊन राहिलं!” तो थेट वाडीतच आला. फुलाबाई उठल्या, लुगडं झटकलं. त्यांनी नातीकडे पाहिलं नाही. शेळीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

मेश्राम कुडाला वळसा घालून आत गेले. त्यांना बघताच यशू शेळीच्या मागे लपली. फुलाबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि तोंड फिरवलं. मेश्रामांनी तोंड उघडलं, पण सासूशी थेट बोलायचं कसं? मधे घालायला बायको होती, ती रडत होती. मी होतो, पण मी घरचा नव्हे, पाहुणा. मग तो इस्त्रीचा सदरा शेळीसमोर शेणामातीत मांडी घालून बसला.

“ए,” ते शेळीला म्हणाले. मग इतक्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती ती भाषा आली. “सांग बरं तुया मालकिनीले. म्हणा, नोको जाऊ. म्हणा, पोरीसंग बोलत जाय. तुले वाटन ते बोल. मी... मले कळत नव्हतं म्हणा.”

शेळी चघळत राहिली.

फुलाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. मग त्या शेळीकडे वळल्या आणि तिला उद्देशून गोंडीत काही म्हणाल्या, बरंच लांब, मधे एकदा आवाज चढलासुद्धा. संपलं. मेश्राम शेवंताबाईंकडे बघू लागले. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, पण शेळीमागे काही हललं, तशा त्या गप्प राहिल्या.

शेळीच्या पाठीवरून अर्धा चेहरा वर आला. डोळे बापावर.

“मामा एकलाच जाईल म्हंते,” यशू म्हणाली.

सोमाजीने कपाळावर हात मारला. “घ्या! तं मंग मी आलो कायले गा?”

मेश्रामांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते जागचे हलले नाहीत, हात पुढे केला नाही, जणू पाखरू उडेल. अगदी हळू विचारलं, “आन्? आन् काय म्हंते?”

यशूने आजीकडे पाहिलं, मग शेळीकडे, मग जरा विचार केला.

“शेरीले भूक लागली म्हंते.”

हे मात्र आई म्हणाली नव्हती, असं शेवंताबाईंनी मला संध्याकाळी स्टेशनवर सांगितलं.